वेगवेगळं ठेवा

ताकादानोबाबाला, नदीकाठच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर
दॉ म्या सेइनची खानावळ आहे.
सहा टेबलं, रात्री कण्हणारा एक फ्रीज,
आणि गल्ल्यापाशी टॅबलेट, जो ऑर्डर आली की
कोंबडीच्या पिल्लासारखा चिवचिवतो.

गुरुवारी सात वाजून दहा मिनिटांनी चिवचिवला.
लफेत, एक. मोठा.
चमचे नकोत.
सूचना: कालवू नका. सगळं वेगवेगळं ठेवा.
जिला खायचंय ती कालवेल.

ऑर्डर देणारी थान्दार
तेव्हा नेरिमाच्या वृद्धाश्रमात, रात्रपाळीवर,
चादरींच्या चवडीला टेकून उभी होती.
पत्ता तिचा नव्हताच.
पत्ता ओत्सुकाचा, ओन्माचा, धाकटीचा.
खानावळीपासून तीन स्टेशनं,
आणि सात महिन्यांचा अबोला.

आईच्या माणकांच्या कुड्या ओन्मानं विकल्या होत्या,
न विचारता.
पोराला सीमेपलीकडे काढायचं होतं,
दलाल थांबायला तयार नव्हता.
थान्दार फोनवर एकच शब्द बोलली.
दोन अक्षरांचा. आपल्याकडेही तो दोनच अक्षरांचा आहे.
तेव्हापासून एवढ्या अवाढव्य शहरात
तिला कुणी 'मा मा' म्हटलं नाही.
(मा मा म्हणजे थोरली बहीण. आपला मामा नव्हे,
लाड पुरवायचं काम मात्र तेच.)

आई सांगायची, राजाच्या काळी
कज्जाचा निकाल लागला की
वादी नि प्रतिवादी एकाच थाळीतला लफेत खायचे.
खाल्ला, म्हणजे मान्य.
हात मागे घेतला, म्हणजे भांडण चालू.
जिंकलं कोण, ते आई कधी सांगायची नाही.
तिला थाळीच तेवढी आठवायची,
लाखेची, झाकणाची कड उडालेली.

दॉ म्या सेइननं सूचना वाचली, पत्ता वाचला,
पैसे भरणारीचं नाव वाचलं,
आणि मिक्सर बंद केला.
आंबवलेली चहाची पानं एका डबीत, ओली, काळपट हिरवी.
तळलेले पावटे दुसरीत. तीळ. शेंगदाणे.
सुकी कोळंबी. कोबी, टोमॅटो, अर्धं लिंबू.
तळलेला लसूण बरणीच्या तळाशी चिमूटभर उरला होता,
तोच कागदात बांधला.
नवा तळायचा तर
खाली ओनोदेरा-सान ताटकळलेले.

ओनोदेरा-सान, वय चौसष्ट,
छापखान्यातून निवृत्त,
चढ आला की सायकलवरून उतरून चालणारे.
थान्दारच्या फोनवर ते एक निळा ठिपका होते.
ठिपका मेजिरोच्या सिग्नलला थांबला,
भलत्याच गल्लीत शिरला, वळला,
पुन्हा तिथंच शिरला.
तेवढ्यात बारा नंबरच्या आजोबांनी घंटा वाजवली.
ती गेली, त्यांची उशी उलटी करून दिली,
आणि परत येते तो फोटो आलेला:
दार. पायपुसणं. पिशवी.
पिशवीमागे वाळत ठेवलेले पुरुषी बूट,
ओन्माच्या पावलाच्या दीडपट.

म्हणजे फ्यो पोचला.
कुणी सांगितलं नव्हतं तिला.
ती फोटो दोन बोटांनी ताणत राहिली.
डाव्या बुटाची नाडी तुटकी होती, गाठ मारलेली,
बस, एवढंच दिसलं.

जेवण कसं होतं, असं अ‍ॅपनं विचारलं.
खाली पाच चांदण्या, पोकळ.
तिला काय ठाऊक?
तिनं फोन एप्रनात टाकला,
दोनला डायपर बदलले, तीनला पुन्हा,
चारला स्वतःसाठी केलेला नूडल्सचा कप
फुगून गेला.

पहाटे पाच चाळीसला बसथांब्यावर
हातमोजा दातांत धरून
तिनं फोन उघडला.

मा मा,
लसूण कमी होता.